कुपनांचा आश्विन

आश्विन लागला की आमच्या अमरावतीत आधी फोनला कळतं. अंबादेवीच्या रस्त्यावर अजून मंडपाचे बांबूही पडलेले नसतात, दुपारचं ऊन मात्र डोळ्यांत खुपायला लागलेलं असतं, आणि सकाळी तोंडावर पाणी मारायच्या आत फोन थरथरतो. ‘खास तुमच्यासाठी.’ माझ्यासाठी खास काही करावं असं माझ्या घरच्यांनाही फारसं कधी वाटलेलं नाही, मग या परक्या दुकानदाराला का वाटावं? मी तो निरोप दोनदा वाचते, खालची बारीक अक्षरं फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचते आणि पुसून टाकते. यंदाही तेच केलं. पण यंदा पुसताना बोट जरा अडलं, कारण दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात मी यातला एकही निरोप पुसला नव्हता.

मी संशयी आहे हे आधीच सांगितलेलं बरं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली कितीतरी वर्षं परीक्षेच्या दिवसांत भरारी पथकात फिरले. आमच्याकडे कॉपी ही एक कलाच आहे. सदऱ्याच्या बाहीत, कंपासपेटीच्या झाकणाखाली, वेणीच्या रिबिनीत, कुठून कुठून चिठ्ठ्या काढल्या आहेत मी. त्यामुळे एक खोड कायमची लागली. समोर माणूस आला की माझी नजर आधी त्याच्या हातांकडे जाते, मग तोंडाकडे. निवृत्त झाले तरी ती गेली नाही. भाजीवाल्याचा हात तराजूवर कुठे टेकतो, बँकेतला शिपाई कागद कुठे सारतो, पाहुणे चहा पिऊन कप कुठे ठेवतात, सगळं पाहते. आमचे हे म्हणतात, “देवीसमोर गेलीस तर तिचे आठही हात तपासून येशील.”

खरं तर शाळेच्याही आधीची आहे ही सवय. माझं लहानपण अंजनगाव सुर्जीचं. आश्विनात संध्याकाळी आम्ही पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणायचो. गाणी संपली की झाकलेला डबा पुढे यायचा, आणि आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. बाकीच्या पोरी डबा हलवून, कानाशी लावून अंदाज बांधायच्या. मी डब्याला हातच लावायची नाही. जिच्या घरचा डबा तिच्या शेजारी जाऊन बसायची आणि हळूच तिच्या बोटांचा वास घ्यायची. भाजलेल्या शेंगदाण्याचा, गुळाचा, तिळाचा. ओळखायचीही बरोबर. ओळखलं की पोरी रुसायच्या आणि मला मात्र आत काहीतरी गोड लागायचं, डब्यातल्या खाऊपेक्षाही गोड.

ती गोडी पुन्हा जिभेला लागली ती दोन वर्षांपूर्वी. माझी धाकटी बहीण शोभा अकोल्याला असते. तिची मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं फोनवर सांगितलं, “मावशी, तुझ्यासाठीच बनलेलं काम आहे एक.” मोठ्या दुकानांच्या मालकांना आपल्या दुकानात काय चालतं ते कळत नसतं, म्हणून ते एका कंपनीला सांगतात. ती कंपनी आपल्यासारख्या बायामाणसांना साधं गिऱ्हाईक म्हणून पाठवते. आपण जायचं, काहीतरी घ्यायचं, नोकर कसे बोलतात, आरसे पुसलेले आहेत का, बिल देताना सभासद क्रमांक विचारतात का, हे सगळं बघून ठेवायचं. घरी येऊन फोनवर अर्ज भरायचा. खरेदीचे पैसे एका मर्यादेपर्यंत परत, वर थोडा मेहनताना. याला मिस्ट्री शॉपिंग म्हणतात म्हणे. मी मनात म्हटलं, हे तर भरारी पथकच, फक्त थंड हवेतलं.

आता जी बाई तीस वर्षं टक्केवारी शिकवत आली, तिला एवढ्यावर चैन पडणार होतं का? आठशे रुपयांपर्यंतच्या खरेदीचे पैसे परत मिळणार होते. मी सणाच्या सवलतीतलं आठशेचं भेटकार्ड कमी पैशांत विकत घेतलं आणि त्यावर बिल चुकतं केलं. वरचे पैसे मला राहिले. मग हजारावर दोनशे सूट देणारं कूपन शोधलं, म्हणजे आठशेत हजाराचा माल. मग शोभाचा सभासद क्रमांक सांगितला, म्हणजे गुण तिच्या खात्यात, आणि पुढच्या महिन्यात त्या गुणांवर आणखी काहीतरी फुकट. हे नियमात बसतं का म्हणून मी नियम तीन वेळा वाचले. कुठेही ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. कॉपी करताना पकडलेल्या पोरांनीही मला अगदी हेच सांगितलं असतं.

पैशांची गरज नव्हती. पेन्शन येते, घर आपलं आहे, मुलगा आपल्या पायावर उभा आहे. ही ओढ पैशांची नव्हतीच, कोणाला न कळता काहीतरी साधल्याची होती. वर्तमानपत्रातली कुपनं कापून मी एका लांब पाकिटात ठेवायची, आणि कोणी खोलीत आलं की उगाच ते पाकीट उशीखाली सारायची. नवऱ्यापासून काय लपवत होते कोणास ठाऊक. त्यांनी एकदा विचारलं, “काय लपवून राहिली वो?” मी म्हटलं, “काही नाही.” माझ्या वर्गात कोणी इतक्या लवकर ‘काही नाही’ म्हटलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

त्या आश्विनात मी दर आठवड्याला एसटीनं अकोल्याला जायची. अमरावतीत ओळखीचे फार, अर्ध्या गावाला गणित शिकवलेलं. बडनेरा सोडलं की खिडकीतून गरम वारा यायचा. मूर्तिजापूरच्या अलीकडे पलीकडे शेतांत सोयाबीन काढायची यंत्रं चालू असायची, त्यांची भुरकट धूळ बसमध्ये येऊन दातांखाली लागायची. काही रानांत कापूस फुटायला लागला होता. फाट्यावर टोपल्यांत सीताफळं घेऊन बाया बसलेल्या असायच्या. अशा उन्हातून उतरून दुकानाच्या काचेच्या दारातून आत शिरलं की अंगावर थंडी यायची, नव्या कपड्यांच्या खळीचा वास यायचा, आणि मला वाटायचं, यांना कळलं. दारावरचा रखवालदार जास्तच लवून नमस्कार करतो आहे. तो पोरगा कपड्यांच्या घड्या घालता घालता माझ्याकडेच बघतो आहे. वर लावलेला कॅमेरा मघाशी दुसरीकडे वळलेला होता की काय?

कोणी विचारलं तर सांगायला एक गोष्ट तयार ठेवायची असते. माझी गोष्ट अशी, की सुनेसाठी कुर्ता घ्यायचा आहे. मला सून नाही. मुलगा अजून लग्नाचं नाव काढू देत नाही. पण दर वेळी कोणीतरी विचारायचं, सुनेचं माप काय, रंग कोणता आवडतो, आणि मी बेधडक सांगायची. होता होता ती बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. उंच होती, तिला गडद रंग आवडायचे, आणि तिच्यासाठी इतक्या दुकानांच्या पायऱ्या चढून मला तिचा थोडा रागही यायला लागला होता.

अशाच एका खेपेला अकोल्यातल्या एका दुकानात गल्ल्यावर एक मुलगी होती. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव, प्रणाली. मी सवयीप्रमाणे आधी हात पाहिले. नखांच्या कडा हिरवट पिवळ्या, बोटांची टोकं खरखरीत. कपड्यांच्या दुकानातल्या मुलीचे हात असे का? मनात नोंद केली. बिल बरोबर हजाराचं झालं. मी ऐटीत फोन काढला, तर कूपन उघडेना. चाक नुसतं फिरत होतं. मागे रांग वाढली, कोणीतरी उसासा टाकला. आठशेच्या वरचे पैसे माझ्या खिशातून जाणार म्हणून माझा जीव वरखाली व्हायला लागला. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा कपाळाला घाम आला होता.

“नाही उघडत काय काकू?” प्रणालीनं विचारलं. “कोणासाठी घेऊन राहिल्या?”

“सुनेसाठी.”

“मंग बिल वर गेलं तं घरी बोलतीन न तुमाले. थांबा.” तिनं कीबोर्डखालून घडी केलेली एक चिठ्ठी काढली. तळहाताच्या आडोशाला धरली, एकदा पाहिली, बोटं चालवली आणि चिठ्ठी परत होती तिथे सारली. बिलातून दोनशे कमी झाले. मग पिशवी माझ्या हातात देताना हळूच हसून म्हणाली, “कोणाले सांगू नका.”

तळहाताच्या आड चिठ्ठी. दुसऱ्या कोणी पाहिली असती तर त्याला एका मुलीचा चांगुलपणा दिसला असता. मला परीक्षेचा हॉल दिसला. हिनं मला ओळखलंय, ही मला लाच देते आहे. नाही तर इथे कुपनांची काहीतरी साखळी चालते. नाही तर कंपनीच माझी परीक्षा घेते आहे. शोभाकडे न जाता तशीच बसस्टँडवर आले. बसमध्ये बसल्या बसल्या अर्ज भरला. शेवटी एक रिकामी चौकट असते, ‘इतर काही निरीक्षण?’ एरवी मी तिथे ‘नाही’ लिहायची. त्या दिवशी नाव लिहिलं, वेळ लिहिली, चिठ्ठी कुठून काढली आणि कुठे ठेवली ते लिहिलं. ‘कोणाला सांगू नका’ हे अवतरणचिन्हांत लिहिलं. आणि मला आनंद झाला होता. हे लिहायची लाज वाटते, पण झाला होता, खाऊ बरोबर ओळखल्यावर व्हायचा तोच. त्या मुलीच्या कुपनानं माझं बिल मर्यादेत बसलं होतं, ते पैसे पुढे मला पूर्ण मिळाले, आणि त्याच कुपनाची तक्रारही मीच केली होती. यात काही विचित्र आहे असं बडनेरा येईपर्यंत माझ्या मनातही आलं नाही.

दिवाळी झाल्यावर शोभाबरोबर त्याच दुकानात गेले. ती तिथली जुनी गिऱ्हाईक. गल्ल्यावर दुसरी मुलगी होती, काजल नावाची.

“आपली प्रणाली कुठं गेली वो?” शोभानं विचारलं.

“तिले काढलं न काकू,” काजल खाली मान घालून म्हणाली. “वरून कागद आला म्हणे. लोक कुपनं इथंच टाकून जातात, ते वायाच जातात न. प्रणाली ते जमा करे, आन ज्या म्हाताऱ्या बायाईले फोनमधलं समजत नाही त्याईले देऊन दे. एवढंच.” मग आवाज आणखी बारीक करून म्हणाली, “आन सारे म्हणून राहिले का मीच सांगतलं. मी तिच्या बाजूले उभी राहो न, म्हणून.”

मी त्या वेळी काय केलं? बिल तपासलं. अगदी खरं सांगायचं तर पहिला राग मला कसला आला, तर प्रणालीनं मला फोन न समजणाऱ्या म्हाताऱ्या बायांत धरलं याचा. बाकीचं रात्री शोभाकडे उमगलं. तिच्या खात्यात मी जमवलेल्या गुणांवर तिला एक चादर फुकट मिळाली होती, फिक्या निळ्या फुलांची. पाहुण्यांसाठी ठेवलेली ती चादर तिनं कौतुकानं माझ्याच अंथरुणावर घातली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी फोनवरून ते काम काढून टाकलं, आणि वाटलं, संपलं.

माझा एक प्रश्न तेव्हापासून सुटत नाही. इतक्या वर्षांत मी जेवढ्या पोरांना पकडलं, तेवढ्यांना विचारलं, “ही चिठ्ठी कोणी दिली?” भेदरलेलं पोर कोणाचं तरी नाव घ्यायचं. ते नाव मी लिहून घ्यायची. त्यातली किती नावं खरी होती? मी संशय घ्यायला शिकले, पण तो कधीच स्वतःवर घेतला नाही. नुसता पुढे ढकलला. माझा संशय प्रणालीवर गेला, तिथून काजलवर गेला, आणि मी मात्र चष्मा पुसत बाजूला उभी होते.

यंदा दसऱ्याच्या दोन दिवस आधी शोभाकडे आले. सकाळीच ती म्हणाली, “ताई, चाल फुलं आणू. उद्या भाव पाहाले नको.” रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग लागले होते, पिवळे, केशरी, वर पाणी शिंपडलेलं. त्यांचा तो कडवट ओला वास सगळ्या रस्त्यावर होता. मी सवयीनं तराजूच्या पारड्याखाली काही चिकटवलेलं आहे का ते पाहत होते. मग तराजू धरणारे हात पाहिले. नखांच्या कडा हिरवट पिवळ्या. तोंड पाहायच्या आधीच मी ओळखलं.

“ही पाह्य, आपली प्रणाली,” शोभा कौतुकानं म्हणाली. “पहिले दुकानात होती, आता बापाच्या मळ्यातले फुलं विकते. मी हिच्याचकडून घेतो.”

प्रणालीनं मला ओळखलं नाही. का ओळखावं? मी तिच्यासाठी शंभरांतली एक काकू. शोभाच्या तोंडाला कुलूप नाही, तिनं विचारलं, “काजलचं लगन झालं म्हणे?”

“झालं न. अकोटले देली.”

“तू गेली असशीन.”

“मी काहून जाऊ?” तिचा हात थांबला नाही, फुलं ओंजळीनं पारड्यात पडत राहिली. “चार वर्षं एका डब्यात जेवलो आमी. आन मले चोर ठरवून देलं तिनं. त्याच्यानंतर कोण्या दुकानानं उभं नाही केलं मले. पत्रिका घेऊन आली होती घरी. मी दार नाही उघडलं.”

आताही मला काही करायचं नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे. पिशवी पुढे धरायची, पैसे द्यायचे, घरी जायचं. कोणालाच काही कळणार नव्हतं. हीच माझी जन्मभराची हुशारी, कोणाला न कळता साधायचं. पण त्या बंद दाराबाहेर पत्रिका घेऊन उभी असलेली मुलगी मला दिसायला लागली आणि ती काही डोळ्यांसमोरून हलेना.

“प्रणाली,” मी म्हटलं, “काजलनं नाही सांगतलं. मी सांगतलं.”

“ताई, काय बोलून राहिली तू?” शोभा म्हणाली.

मी सगळं सांगितलं. रस्त्यावर, उन्हात, लोकांचे धक्के खात. कंपनीचं काम, भेटकार्ड, न उघडलेलं कूपन, तिची चिठ्ठी, बसमध्ये भरलेला अर्ज. सून नाही हेही सांगितलं. ऐकताना प्रणाली माझ्याकडे पाहत नव्हती. तिनं पारड्यातली फुलं पिशवीत ओतली आणि पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. एक गाठ पुरली असती, तिनं तीन मारल्या. मला वाटलं आता ती ओरडेल. मला ते हवंच होतं. ओरडली असती तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

“मी तं तुमच्याकडून एक पैसा घेतला नव्हता,” ती एवढंच म्हणाली.

“नाही घेतला.”

मध्ये एक बाई येऊन भाव विचारून गेली. तिला प्रणालीनं नीट उत्तर दिलं. मग ओढणीला हात पुसून माझ्यासमोर उभी राहिली.

“फोन काढा.”

“कोणाले लावायचा?”

“काजलले. माह्या फोनवरून ते उचलत नाही आता.”

तिनं दहा आकडे घडाघडा म्हटले. दोन वर्षांत ज्या नंबरशी बोलणं नाही, तो तिला तोंडपाठ होता. म्हणजे दार न उघडल्यावर हिनं पुढे कितीतरी वेळा फोन लावून पाहिला होता. माझा एक आकडा चुकला, पुन्हा लावला. शोभा फुलांची पिशवी छातीशी धरून माझ्याकडे अशी पाहत होती, जशी मी आजवर लोकांकडे पाहत आले. पलीकडे घंटी वाजत राहिली. उचलू नये असंही मला वाटून गेलं.

उचलला. मागे कोणाच्या तरी घरातली भांडी वाजत होती. “हॅलो? कोण बोलून राहिलं?”

मी माझं खरं नाव सांगितलं. गाव सांगितलं. प्रणालीनं समोरच्या गिऱ्हाइकाला हातानं थांबवलं होतं, आणि तिची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती.

“मी नाही ओळखलं तुमाले,” काजल म्हणाली.

“तू मले ओळखत नाही, बेटा,” मी म्हटलं. “पण दोन वर्षं झाले, लोक तुले जे बोलून राहिले, ते मले बोलाले पाह्यजे होते.”